मातु ओके? हाडु ओके?

"अम्मा, मातु ओके? हाडु ओके?"

मी खालून ओल्या कपड्यांची बादली घेऊन गच्चीकडं निघालेली असायची, आणि ती वरच्या कठड्यावर कोपर टेकून, हनुवटी तळव्यात धरून हे विचारायची. रोज. कधी चुकलं नाही.

कानडी न येणाऱ्यांसाठी सांगते. मातु म्हणजे बोलणं, हाडु म्हणजे गाणं. तिचं म्हणणं असं, की काम करताना माणसाला बोलता आलं पण गाता आलं नाही, तर ते काम अंगाला लागतंय, म्हणजे व्यायाम झाला. बोलताही येतंय आणि गाताही येतंय, तर ते हलकं. आणि दोन्ही येत नसेल तर बादली खाली ठेवायची आणि मुकाट्यानं पायरीवर बसायचं. एवढाच हिशेब. त्याला मनगटावर पट्टा नको की यंत्र नको.

"मातु ओके," मी म्हणायची.

"हाडु?"

मग मी जिन्यातच उभी राहून आरतीची एखादी ओळ धरायची. दुसऱ्या शब्दाला श्वास तुटायचा. ती टाळी वाजवायची. "गुड, अम्मा, गुड. हाडु नॉट ओके." माझं गाणं बंद पडल्याचा आनंद आमच्या घरात याआधी कुणाला झाला नसेल असं नाही, पण टाळी कुणी वाजवली नव्हती.

ती थायलंडची. तिकडं नर्सिंगच्या मुलींना शिकवायची आणि इथं म्हैसूरच्या विद्यापीठात पीएचडी करायला आली होती. हिनकलमधल्या आमच्या घराची वरची खोली रिकामी होती, तिला विद्यापीठ जवळ पडायचं, म्हणून आली. वय चाळिशीच्या पुढचं, पण पाठमोरी बघितली तर कॉलेजातली वाटायची. नाव चांगलं लांबलचक होतं. आमच्या गल्लीत ते कुणालाच धड म्हणता आलं नाही, तेव्हा सगळ्यांनी तिला 'मिस' करून टाकलं. म्हैसुरात शिकवणाऱ्या बाईला मिसच म्हणतात, मग ती पन्नाशीची असो नाहीतर चार नातवंडांची.

आमचं बोलणं म्हणजे बिसीबेळेभात. तिचं इंग्रजी, माझं मोडकं इंग्रजी, दोघींचं कानडी आणि वरून मी घातलेलं मराठी. मी इथं सगळं सरळ मराठीत लिहिते आहे, पण ऐकताना ते तसं नव्हतं, एवढं ध्यानात ठेवा.

घरात येताना ती चपला काढायची आणि परत वाकून त्या बाहेर तोंड करून ठेवायची. आमच्या सगळ्यांच्या चपला दारात कशाही पडलेल्या, त्यात तिच्या तेवढ्या शाळेच्या रांगेसारख्या. थोड्या दिवसांनी बघते तर माझ्याही चपला बाहेर तोंड करून. मी म्हटलं, "अगं, तू कशाला हात लावतेस माझ्या चपलेला?" तर म्हणाली, "अम्मा, वाकणं पण धरलं जातं." म्हणजे तिच्या अभ्यासात. वाकणं, उठणं, उकिडवं बसणं, तिला सगळं धरायचं असायचं.

आणि तिचा तो खलबत्ता. तिकडून येताना बाई दगडाचा खलबत्ता घेऊन आली होती, विमानातून. एका सकाळी पहिल्यांदा डोक्यावर ठकठक सुरू झाली तेव्हा मला वाटलं गवंडी आला. वर जाऊन बघते तर ही जमिनीवर बसून मिरच्या, लसूण आणि कच्ची पपई कुटते आहे. मला बघून खुदकन हसली, बत्ता माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "मातु ओके?" ते खाऊन मात्र थोडा वेळ मला मातुही नव्हतं आणि हाडुही.

आता तिचा अभ्यास काय होता ते सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. म्हाताऱ्या माणसांचं दिवसभरात किती हिंडणं-फिरणं होतं, किती कष्ट होतात, हे विचारायचे प्रश्न असतात. ते प्रश्न मुळात कुठल्यातरी थंड देशात तयार झालेले. त्यात विचारलं होतं, बर्फ उपसता का? हिरवळ कापायचं यंत्र ढकलता का? गोल्फ खेळता का? तिच्या देशात बर्फ फक्त सरबतात. तेव्हा ते प्रश्न तिकडच्या म्हाताऱ्यांसाठी नव्यानं बेतायचे, हे तिचं काम. बर्फ काढून टाकायचा, त्या जागी देवळाचं अंगण झाडणं घालायचं. भल्या पहाटे दारावर येणाऱ्या भिक्षूंना भात वाढायला खाली बसणं-उठणं घालायचं. मिरच्या कुटणं तर आलंच.

मी विचारलं, "म्हणजे कापडाचं झबलं उसवून दुसऱ्या बाळासाठी शिवायचं, तसं?" ती म्हणाली, "हो, पण बाळ म्हातारं."

या सगळ्याच्या मुळाशी तिची आई होती. आई नदीकाठच्या एका गावात एकटी राहायची. मिस रोज संध्याकाळी जिन्याच्या मधल्या पायरीवर बसून फोन लावायची, कारण तिथं रेंज चांगली. पडद्यावर एक बारीक, पांढऱ्या केसांची, गालावर खळी पडणारी म्हातारी दिसायची. मी कपडे काढायला जाताना आम्ही दोघी एकमेकींना हात जोडायचो. तिला माझी भाषा येत नाही, मला तिची नाही, पण ओळख पक्की झाली होती. फोन झाला की मिस मला बातमी द्यायची. आज आई देवळात चालत गेली. आज अंगण झाडलं. सुरुवातीला तर देवळाच्या दारातल्या म्हाताऱ्या कुत्र्याला भात घातल्याचंही असायचं. "माझी आई फर्स्ट क्लास," ती म्हणायची. तिनं आईला तिचे प्रश्न फोनवरच विचारले होते, आणि आईची उत्तरं सगळ्यांपेक्षा वरचढ आली होती. पोटच्या पोरीचा निकाल सांगावा तसं तिनं मला ते सांगितलं.

तर तिच्या गाईडनं तिला सांगितलं होतं, तिकडं गावोगाव जायच्या आधी इथल्या म्हाताऱ्यांना विचारून बघ, विचारण्यात काय अडचणी येतात ते कळू दे. झालं. मी दुभाषी. तिनं मला बजावलं होतं, की दुभाष्यानं विचारलं तेवढंच विचारायचं, मधे आपलं काही घालायचं नाही. माझ्यासारखीला हे किती जड गेलं असेल, तुम्हीच बघा.

पहिलं घर समोरच्या तुळसाबाईंचं. माझ्याच वयाच्या, आमच्यासारखंच घरात मराठी बोलणाऱ्या. सून भाग्या बँकेत आहे. रविवार होता. भाग्यानं कॉफी आणून दिली आणि ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली, पाहुणी आली म्हणून.

"तुळसाबाई, झाडणं, धुणं, पाणी भरणं, असं काय काय करता घरात?" मी विचारलं.

"मी? मी कुठलं काय करते. बसलेली असते. सगळं सून बघते."

"अंगण धुणं? रांगोळी?"

"सगळं भाग्याच. माझ्यानं आता कुठं होतंय."

त्याच दिवशी उजाडताना तुळसाबाईंनी अंगणात अशा बादल्या ओतल्या होत्या आणि खराटा असा चालवला होता, की मला त्या आवाजानंच जाग आली होती. मी तुळसाबाईंकडं बघितलं. त्यांनी पंख्याकडं बघितलं. भाग्यानं फरशीकडं बघितलं. मी ओठ दाबून धरले. मिसनं कागदावर भोपळा काढला.

पुढच्या घरी तेच. त्याच्या पुढच्या घरी तेच. एक जण म्हणाली, मी पलंगापासून टीव्हीपर्यंत जाते तेवढंच माझं चालणं. तिला मी रोज भाजीच्या गाडीमागं तरातरा जाताना बघते. भोपळ्यांचा मळा झाला कागदावर. मिस म्हणाली, "अम्मा, ही गल्ली फार आळशी आहे."

शेवटी आमचं घर. माझी सून डाव हातात घेऊन ओट्याशी उभी. मिसनं मला विचारलं, "जड वस्तू उचलून जिना चढता?"

"छे गं," मी म्हटलं. "मी आपली वाचत बसलेली असते."

मिसचं पेन तसंच वर राहिलं. तिनं माझ्याकडं बघितलं. मग ओट्याकडं बघितलं. भोपळा काढला आणि उठली.

संध्याकाळी जिन्यावर मला गाठलं. "अम्मा, ती बादली कुणाची?"

"माझीच की."

"मग?"

"अगं, सून उभी होती ना तिथं. मी ओले कपडे उचलून गच्चीवर नेते म्हटलं, तर पाहुणीसमोर तिला कसं वाटेल? ती नको नको म्हणते, मीच ऐकत नाही. आता हे सगळं तुझ्या कागदावर कुठं मावणार?"

ती बराच वेळ हसली. मग म्हणाली, "खोटं नाही म्हणायचं याला. माया म्हणायची."

"सरी, बरं," मी म्हटलं. "पण भोपळा खोड माझा."

त्यानंतर तिनं डोकं चालवलं. गल्लीतल्या सगळ्या म्हाताऱ्यांना टेम्पो करून तलकाडला नेलं. कामाचा दिवस निवडला, म्हणजे एकही सून बरोबर नाही. तलकाडची देवळं वाळूत आहेत, एका देवळातून दुसऱ्याकडं जायचं म्हणजे वाळू तुडवत चढायचं. पाय टाकला की अर्धा मागं येतो. दोन देवळं झाली आणि सगळ्यांची तोंडं सुटली. दमल्यावर माणूस खरं बोलतो की सुना नसल्यावर, ते मला ठाऊक नाही. एकीनं सांगितलं, मी गुपचूप नातवाचं दप्तर शाळेपर्यंत नेते. दुसरीनं सांगितलं, मी सगळ्यांचं पांघरूण हातानं धुते, मशीनवर विश्वास नाही.

तुळसाबाई पदर खोचून पुढं. "ही कसली वाळू? मी रोज अंगण धुते, मागची मोरी घासते, गच्चीवर मिरच्या वाळत घालते. हे तर काहीच नाही."

"मातु ओके?" मिसनं मागून विचारलं.

"मातु ओके, हाडुही ओके," असं म्हणून तुळसाबाईंनी हात वर करून भजन सुरू केलं. अर्धी ओळ झाली आणि त्या वाळूतच बसल्या.

"काय हो," मी म्हटलं, "गाणंही सूनच बघते का?"

तुळसाबाईंनी मला मूठभर वाळू मारली. परत येईपर्यंत टेम्पोत सगळ्या तुळसाबाईंना तेच विचारत होत्या, झोप सूनच घेते का, दात सूनच घासते का.

त्या दिवसापासून मिसची विचारायची रीत बदलली. फॉर्मातला प्रश्न तोच, पण तो घरच्या माणसांसमोर विचारायचा नाही, आणि त्याच्या आधी गप्पा मारायच्या. अंगण धुता का, असं एकदम नाही. अंगणातलं पाणी कुठं तुंबतं, असं. कारण जी धुते तिलाच ते ठाऊक. देवळात जाता का, असं नाही. हल्ली देवळाच्या दारात फुलं घेऊन कोण बसतं, असं. तिला ही युक्ती इतकी आवडली, की ती जाता-येता कुणालाही असलं विचारायला लागली. माझ्या मुलाला विचारलं, तुमच्या जिममधला आरसा कुठल्या भिंतीला आहे? त्यानं वर्षाची फी भरली होती. तो छताकडं बघायला लागला.

आणि मग एका संध्याकाळी तिनं हेच आपल्या आईला विचारलं.

तिला काही शंका नव्हती बरं का. नवी रीत आपल्या भाषेत कशी वाटते, एवढंच बघायचं होतं. मी वरच्या पायरीवर कपड्यांच्या घड्या घालत बसले होते. खाली दोघींचं हसणं चाललं होतं. मग मिसनं काहीतरी विचारलं. आई हसून बोलली. मिसनं परत एक विचारलं, आवाज हळू. आई परत हसून बोलली, खळी पडली. नेहमीसारखे हात जोडले. फोन बंद.

मिस तशीच बसून राहिली.

"काय गं?" मी विचारलं.

"मी विचारलं, देवळाच्या दारातलं कुत्रं कसं आहे. आई म्हणाली, मजेत, आज सकाळी मला बघून शेपूट हलवलं."

"बरं मग?"

"ते कुत्रं मेलं, अम्मा. पावसाच्या आधीच. माझ्या मामेबहिणीनं फोटो पाठवला होता, त्याला चाफ्याखाली पुरलं तेव्हाचा. आईजवळ विषय काढायचा नाही असं मीच ठरवलं होतं. मला वाटलं तिनं बघितलं असेल, आणि मला दुःख नको म्हणून बोलत नसेल. आज विचारलं तर सांगेल."

म्हणजे आई कित्येक महिने देवळाकडं फिरकलीच नव्हती. मग मिसनं मामेबहिणीला फोन केला, तेव्हा सगळं बाहेर आलं. पावसाआधी आई देवळाच्या पायरीवर घसरली होती. हाड मोडलं नाही, पण भीती बसली. तेव्हापासून ती खुर्चीत. जेवण शेजारीण आणून देते. लेकीचं शिक्षण अर्धवट राहू नये म्हणून सगळ्यांना गप्प बसवलेलं. आणि रोज संध्याकाळी फोन वाजला की केस विंचरून बसायचं आणि आज अंगण झाडलं म्हणून सांगायचं.

आमच्या तुळसाबाई सुनेला सांभाळायला काहीच करत नाही म्हणतात. ती माउली लेकीला सांभाळायला सगळं करते म्हणत होती.

मी खाली सरकले आणि तिच्या शेजारी बसले. "मातु ओके?" मी विचारलं.

तिनं मान हलवली. नाही. हाडुचं मी विचारलंच नाही. दोन्ही येत नसेल तर पायरीवर बसायचं, हा तिचाच नियम. बसलो दोघी, उन्हानं तापलेले कपडे थंड होईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी ती गाईडला भेटली. पुढचं काम आईच्या गावापासून सुरू करते म्हणाली, आणि लगेच. गाईड भले माणूस, त्यांनी हो म्हटलं, पण इथली राहिलेली घरं पुरी करून जा म्हणाले. नाहीतर हा सगळा खटाटोप वाया. ती डोक्याला हात लावून बसली. घरोघरी जायचं, गप्पा मारायच्या, सुना नसलेली वेळ गाठायची, याला दसरा उजाडला असता.

मी एवढंच केलं, तुळसाबाईंच्या कानावर घातलं. संध्याकाळी बघते तर आमच्या कट्ट्यावर बाया येऊन बसलेल्या. ज्यांचं राहिलं होतं त्या, आणि ज्यांचे भोपळे होते त्याही. मिसचा कागद दिसला की पूर्वी मी काही करत नाही म्हणणाऱ्या या. काही जणींच्या सुनाही कामावरून परतताना येऊन मागं उभ्या. मिसनं घाबरून माझ्याकडं बघितलं. सुना नको होत्या ना.

तुळसाबाई उठल्या. भाग्या त्यांच्या बाजूलाच होती, खांद्याला बँकेची पिशवी.

"लिही मिस," तुळसाबाई म्हणाल्या. "अंगण मी धुते. मोरी मी घासते. हिला येत नाही असं नाही. मला बसवत नाही."

सगळ्या भाग्याकडं बघायला लागल्या. भाग्यानं पिशवी खाली ठेवली.

"अत्ते, मला काय ठाऊक नाही का? मिस, एकदा मी पहाटे उठून अंगण धुतलं होतं. मी ऑफिसला गेल्यावर यांनी परत धुतलं."

"कोपऱ्यात माती राहिली होती," तुळसाबाई म्हणाल्या.

त्यावर जो हशा उठला त्यात मिसचं हसणं सगळ्यात मोठं होतं. मग काय, एकेक सासू सुनेसमोर आपली कामं सांगायला लागली, आणि सुना मधे मधे भर घालायला लागल्या, हे सांगायचं विसरलात, ते सांगायचं विसरलात. माझी सून म्हणाली, "बादलीचं लिहा मिस, आणि गच्चीवर उभं राहून शेजारणीशी बोलतात तेही व्यायामातच धरा." दिवे लागायच्या आत काम संपलं होतं.

ती गेली त्या दिवशी गल्लीनं काय काय दिलं म्हणून सांगू. चटणीपुडी, म्हैसूरपाक, भाग्यानं मिसच्या आईसाठी मऊ सुती साडी, आता ती तिकडं कशी नेसणार देव जाणे. पेटी बंद होईना. तेव्हा तिनं खलबत्ता काढून माझ्या ओट्यावर ठेवला. "असाच आईच्या घरीही एक आहे," म्हणाली. मग वाकून मला नमस्कार केला, आणि जाता जाता दारातल्या माझ्या चपला बाहेर तोंड करून ठेवल्या.

आता वरच्या खोलीत नवरा-बायको राहतात, दोघंही कॉम्प्युटरवाले. चांगली आहेत. पण वर कोण आहे की नाही कळत नाही इतकी शांत. सकाळी ठकठक नाही. मी बादली घेऊन चढते आणि सवयीनं कठड्याकडं बघते. मग आपली मीच आरतीची ओळ धरते. ते ऐकून वरच्या मुलीनं एकदा दार उघडून विचारलं, आजी, काही हवंय का?

गेल्या आठवड्यात मिसनं फोनवर व्हिडिओ पाठवला. मी तो जिन्याच्या मधल्या पायरीवर बसूनच बघितला, रेंज तिथंच चांगली. मातीचा रस्ता. पुढं तिची आई, हातात काठी, हळूहळू चालते आहे. लांब देवळाचं टोकदार छप्पर आणि फुललेला चाफा. मागून मिसचा आवाज येतो, त्यांच्या भाषेत काहीतरी विचारते. आई न थांबता उत्तर देते, चांगलं लांबलचक. मिस परत काहीतरी विचारते.

तेव्हा आई थांबते. काठी नीट टेकवते, मान वर करते आणि गायला लागते. बारीक, गोड आवाज. थोडंसं गाते आणि श्वास तुटतो. छातीवर हात ठेवून ती हसायला लागते, खळी पडते, आणि मागून टाळी ऐकू येते.

मला त्यातला एक शब्द कळला नाही. पण बादली शेजारी ठेवून मीही टाळी वाजवली. हाडु नॉट ओके.